काळ्या पाषाणाचे समुद्राखालचे गणगोत

मराठवाड्यात विहीर खणताना वरची काळी माती आणि तिच्याखालचा मुरूम संपला की काळा पाषाण लागतो, आणि तो लागला की खणणाऱ्यांच्या तोंडी एकच प्रश्न उरतो, तो म्हणजे भेग कुठे आहे. या खडकाच्या अंगात पाणी फारसे मुरत नाही. ते वस्ती करते त्याच्या चिरांमध्ये आणि सांध्यांमध्ये. बोअरची गाडी एका शेतात दोनशे फुटांपर्यंत नुसती कोरडी भुकटी उडवत राहते आणि शेजारच्या बांधाला लागून पाणी उसळते, याचे कारण एवढेच असते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर जाडीचा हा बेसॉल्ट ओलांडल्यावरच त्याखालचा प्राचीन खडक हाती लागला. आपली शेते, आपली गावे आणि वेरूळ-अजिंठ्याची लेणी हे सारे थिजलेल्या लाव्ह्याच्या थरांवर किंवा थरांत आहे, हे आपण शाळेत शिकतो आणि पुढे विसरून जातो.

या लाव्ह्याची दुसरी बाजू मात्र शाळेत फारशी कोणी सांगत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त ठिकाणावरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत असताना दख्खनचे हे थर ओतले गेले. भूगर्भाच्या कालगणनेत ज्याला जवळजवळ तोच सुमार म्हणावे अशा काळात सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटला, आणि दोघांच्या मधल्या फटीतून कार्ल्सबर्ग ही जलमग्न पर्वतरांग आकाराला येऊ लागली. दख्खनचा लाव्हा केव्हाच थंड झाला. कार्ल्सबर्ग रांग अजून थांबलेली नाही. अरबी समुद्राच्या तळाशी ती आजही फाटते आहे, तिच्या फटीत नवा बेसॉल्ट भरतो आहे, आणि दक्षिणेला ती मध्य हिंदी महासागरी रांगेला जाऊन मिळते. पृथ्वीभर पसरलेल्या अशा रांगांची एकूण लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढणाऱ्या प्रदेशात राहून मी महासागराच्या तळावरच्या उष्ण झऱ्यांविषयी लिहिते आहे, हे कोणाला विचित्र वाटत असेल, तर त्यांना मी इतकेच सांगेन की तिथला आणि आपल्या पायाखालचा खडक एकाच जातकुळीचा आहे.

त्या झऱ्यांची गोष्टही भेगेपासूनच सुरू होते. रांगेच्या माथ्यावर बेसॉल्ट नवा आणि तडकलेला असतो. त्याच्या चिरांतून समुद्राचे थंड पाणी खाली झिरपते आणि लाव्ह्याच्या साठ्याच्या जवळ पोहोचेपर्यंत त्याचे तापमान चारशे अंश सेल्सियसच्या आसपास जाते. वर अडीच किलोमीटर पाण्याचे ओझे असते, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे अडीचशे किलोचा दाब असतो, आणि त्यामुळे इतके तापूनही ते आपल्या चुलीवरच्या पाण्यासारखे उकळून वाफ होऊन जात नाही. या प्रवासात समुद्राच्या पाण्याचा स्वभावच बदलतो. त्यातले मॅग्नेशियम खडकात अडकून राहते, खडकातले लोह, तांबे आणि जस्त पाण्यात उतरते, आणि पाणी आम्लधर्मी होऊन हायड्रोजन सल्फाइडने भरून जाते. हलके झालेले हे पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेने वेगाने वर येते आणि तळावरच्या दोन अंशांच्या पाण्याला भिडते. त्या क्षणी धातूंचे सल्फाइड बारीक काळ्या कणांच्या रूपात बाहेर पडतात. ऐन गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीतून निघावेत तसे काळे लोट तिथे उठतात, मात्र ते धुराचे नसून खनिजांचे असतात, आणि त्याच खनिजांचे थर मुखाभोवती साचून उंच पोकळ खांब उभे राहतात. आधी कॅल्शियम सल्फेटची पातळ भिंत धरते आणि तिच्या आतल्या अंगाला तांब्या-लोखंडाचे सल्फाइड चढत जातात. बोअरवेल घेणारा माणूस ज्या चिरेसाठी देवाला नारळ फोडतो, त्याच जातीच्या चिरांमधून महासागराचे पाणी पृथ्वीच्या पोटात जाऊन परत येते, हे मला अजूनही थरारून टाकते.

असे झरे असले पाहिजेत, हा भूवैज्ञानिकांचा तर्क आधीपासून होता. रांगांच्या तळातून जितकी उष्णता बाहेर पडायला हवी तितकी मोजमापात सापडत नव्हती. ती पाण्याबरोबर निघून जात असावी, असा हिशेब होता. तो पडताळण्यासाठी फेब्रुवारी १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळच्या रांगेवर मोहीम गेली. पोलादी पिंजऱ्यात बसवलेले कॅमेरे आणि तापमापक यंत्र जहाजामागून तळाच्या थोडे वर ओढत नेण्यात आले. रात्रभरात सुमारे तीन हजार छायाचित्रे निघाली आणि त्या सगळ्यांत नुसता काळा लाव्हा होता. एका ठिकाणी तापमानाचा काटा काही क्षणांपुरता वर गेला होता, आणि नेमक्या त्याच वेळच्या तेरा छायाचित्रांत पांढऱ्या शिंपल्यांचा खच पडलेला होता. पुढच्या छायाचित्रात पुन्हा ओसाड लाव्हा.

मग अमेरिकेतील वुड्स होल संस्थेची ‘अल्विन’ ही छोटी पाणबुडी खाली गेली. आत टायटॅनियमचा गोल असतो. त्याचा व्यास जेमतेम दोन मीटर, आणि त्यात तीन माणसे, उपकरणे, ऑक्सिजनच्या टाक्या आणि दिवसभराचे जेवण हे सगळे दाटीवाटीने बसवलेले असते. खाली जाताना इंजिनाचा जोर लागत नाही. लोखंडी वजनांच्या भाराने पाणबुडी आपोआप बुडत जाते, आणि बॅटरी वाचवण्यासाठी बाहेरचे दिवे बंद ठेवलेले असतात. दोनशे मीटरनंतर उजेड विरत जातो, हजार मीटरनंतर सूर्याचा मागमूस उरत नाही, आणि खिडकीबाहेर स्वतःचा प्रकाश घेऊन फिरणारे जीव अधूनमधून चमकून जातात. आतल्या भिंती गार पडतात, माणसांच्या श्वासाचे दव त्यांच्यावर धरते. अडीच हजार मीटर खाली पोहोचायला सुमारे दीड तास लागतो. पाण्यातून रेडिओच्या लहरी जात नसल्याने वरच्या जहाजाशी बोलायचे ते ध्वनिलहरींवर चालणाऱ्या दूरध्वनीने. त्या दिवशी आत जॅक कॉर्लिस आणि चेर्ड व्हॅन अँडेल हे दोन भूवैज्ञानिक आणि चालक जॅक डॉनेली होते. खालून कॉर्लिस यांनी वरच्या सहकारी विद्यार्थिनीला विचारले की खोल समुद्र म्हणजे वाळवंट असते ना, आणि तिने होकार दिल्यावर ते म्हणाले की इथे तर सगळीकडे प्राणी आहेत.

वीतभर लांबीचे पांढरे शिंपले, पांढरे खेकडे, आणि दुसऱ्या एका जागी पांढऱ्या नळ्यांमधून बाहेर डोकावणारे लालभडक तुरे त्यांना दिसले. जहाजावर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता, कारण तिथे जीव असतील असे कोणाच्या मनातही आले नव्हते. नमुने टिकवण्यासाठी पुरेसे फॉर्मल्डिहाइडही बरोबर नव्हते, तेव्हा काही प्राणी पनामात विकत घेतलेल्या रशियन व्होडकात बुडवून ठेवावे लागले. पाण्याच्या नमुन्याची बाटली उघडली तेव्हा प्रयोगशाळेत कुजक्या अंड्यांचा वास भरला. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास होता, आणि या साऱ्या कोड्याचे उत्तर त्या वासातच होते, परंतु ते उमगायला आणखी काही वर्षे जावी लागली. दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, मेक्सिकोजवळ पूर्व पॅसिफिक रांगेवर पहिले काळे लोट सोडणारे खांब सापडले. त्यांतल्या एका मुखात घातलेल्या तापमापकाचे प्लास्टिक वितळून गेले.

नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. तिथल्या कुंडातले पाणी बारमाही गरम असते, त्याला गंधकाचा गुण आहे आणि त्याने कातडीचे आजार बरे होतात असे लोक मानतात. शरभंग ऋषींची व्याधी दूर व्हावी म्हणून रामाने बाण मारून हे पाणी काढले, ही कथा तिथे प्रत्येकाला माहीत आहे. इथे खाली वितळलेला लाव्हा नाही. खोल भेगांतून गेलेले पाणी पृथ्वीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापून वर येते. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, आणि हिवाळ्यात मुलांना घेऊन एकदा तिथे गेले होते. कुंडाच्या पायरीवर बसलेल्या एका आजींनी बिचकणाऱ्या मुलीला हाताला धरून सांगितले, “सोड ना पाय पाण्यात माय, काही भाजत नाही. सवय लागते.” मुलीने पाय सोडले. दगडाच्या सांध्यातून बुडबुडे येत होते, आणि जिथे पाणी सतत ओघळत होते तिथे दगडावर हिरवट, बुळबुळीत, बोटाने ओढली तर सायीसारखी सुटणारी शेवाळी थर धरून होती. तिच्याकडे बघत मी समुद्रतळावरच्या त्या पांढऱ्या नळ्यांत राहणाऱ्या नळीकृमींविषयी बोलत होते, तेव्हा त्याच मुलीने विचारले, “मॅडम, त्याला तोंडच नाही म्हणता, मग त्याची भूक कोण भागवतं?”

प्रश्न अगदी नेमका होता. ज्याला रिफ्टिया म्हणतात तो हा महाकाय नळीकृमी दोन मीटरपर्यंत वाढतो, आणि प्रौढ झाल्यावर त्याला तोंड नसते, आतडे नसते, गुदद्वार नसते. पोटाच्या जागी पिवळसर-तपकिरी स्पंजासारखी एक मऊ पिशवी असते. १९८० मध्ये हार्वर्ड विद्यापीठात स्मिथसोनियन संस्थेचे मेरेडिथ जोन्स या प्राण्याविषयी व्याख्यान देत होते, आणि त्या पिशवीत गंधकाचे स्फटिक सापडतात असे त्यांनी ओघात सांगितले. तेव्हा संशोधनाच्या पहिल्याच वर्षात असलेली कॉलीन कॅव्हनॉ ही विद्यार्थिनी उठून म्हणाली की त्याच्या आत गंधकावर जगणारे जीवाणू असलेच पाहिजेत. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्याचा पुरावा छापला. वर्गात हे सांगताना मी प्रत्येक वेळी थोडी थांबते, कारण व्याख्यानात उठून बोलायला आपल्याकडची मुले आणि विशेषतः मुली किती कचरतात हे मला ठाऊक आहे.

या भागीदारीचे काम बारकाईने पाहण्यासारखे आहे. कृमीचा लाल तुरा म्हणजे त्याचे कल्ले. ते लाल दिसतात ते हिमोग्लोबिनमुळे, जसे आपले रक्त दिसते. हायड्रोजन सल्फाइड हे आपल्यासारख्या प्राण्यांना जहाल विष आहे, कारण पेशींच्या श्वसनाची जी पायरी सायनाइड अडवते तीच ते अडवते. रिफ्टियाचे हिमोग्लोबिन मात्र ऑक्सिजनला एका जागी आणि सल्फाइडला वेगळ्या जागी धरते, त्यामुळे दोन्ही पदार्थ एकाच रक्तातून एकमेकांना न भिडता आतल्या पिशवीपर्यंत पोहोचतात. तिथे अब्जावधी जीवाणू सल्फाइडचे ऑक्सिडीकरण करतात, त्यातून मिळालेल्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइडपासून अन्न तयार करतात, आणि कृमी त्या अन्नावर जगतो. हिरव्या पानात सूर्यप्रकाश जे काम करतो ते इथे सल्फाइड करते. याला रसायनसंश्लेषण म्हणतात. हे जीवाणू आईकडून मिळत नाहीत. पाण्यात तरंगत आलेले कोवळे पिल्लू खडकावर टेकले की आसपासच्या पाण्यातले जीवाणू त्याच्या कातडीतून आत शिरतात, त्यानंतर त्याची पचनसंस्था झिजून जाते आणि पिशवी आकार घेते. स्वतःचे तोंड गमावण्याआधी योग्य जीवाणू गाठले नाहीत तर त्या पिल्लाला पुढे आयुष्यच नाही.

या झऱ्यांविषयी लिहिताना ‘सूर्याशिवाय जगणारी जीवसृष्टी’ असे सर्रास म्हटले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. सल्फाइडचे ऑक्सिडीकरण करायला ऑक्सिजन लागतो, आणि समुद्राच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन हा वरच्या जगातल्या हिरव्या वनस्पतींनी आणि शैवालांनी सूर्यप्रकाशात केलेल्या कामाचा वाटा आहे. म्हणजे रिफ्टियाच्या भाकरीचे पीठ पृथ्वीच्या पोटातले असले तरी तिचा विस्तव सूर्याच्याच घरचा आहे. सूर्याशी खरोखर काहीही देणेघेणे न ठेवता जगणारे जीव तिथे आहेत, पण ते डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव आहेत. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन बनवून ते ऊर्जा मिळवतात. मे महिन्यात ज्या सूर्याकडे मान वर करून पाहवत नाही, त्याच्या खाली राहणाऱ्या माणसांना या फरकाचे मोल विशेष कळावे असे मला वाटते. माझ्या लेखी ही दुरुस्ती त्या झऱ्यांची थोरवी कमी करत नाही. अडीच किलोमीटर खालचा तुरा आणि आपल्या बांधावरचा कडुनिंब एकाच हिशेबाच्या वहीत आहेत, हे त्यातून कळते.

अटलांटिक रांगेवर नळीकृमी नाहीत; तिथे झऱ्यांच्या खांबांवर कोळंबीचे थवे असतात. रिमिकॅरिस ही कोळंबी आंधळी मानली जात होती, परंतु सिंडी व्हॅन डोव्हर यांना तिच्या चित्रफितींत पाठीवर चकाकणारे दोन पट्टे दिसले, आणि ते प्रकाश टिपणारे इंद्रिय निघाले. तापलेल्या मुखातून अत्यंत मंद उजेड बाहेर पडतो, माणसाच्या डोळ्याला न दिसणारा, आणि ही कोळंबी बहुधा त्यावरून मुखाचा ठाव घेत असावी. व्हॅन डोव्हर पुढे स्वतः अल्विनच्या पहिल्या महिला चालक झाल्या.

या वस्त्या चिरंतन नाहीत, आणि माझे मन सगळ्यात जास्त इथे घुटमळते. १९७९ मध्ये गालापागोसच्या रांगेवर सापडलेला नळीकृमींचा एक भरगच्च मळा ‘रोझ गार्डन’ या नावाने प्रसिद्ध झाला. २००२ मध्ये शास्त्रज्ञ तिथे परतले तेव्हा त्याचा पत्ताच लागला नाही. तो ताज्या लाव्ह्याखाली गाडला गेला होता. थोड्याच अंतरावर कोवळ्या कृमींची नवी वस्ती धरलेली दिसली, तिला त्यांनी ‘रोझबड’ म्हटले. पूर्व पॅसिफिक रांगेवर १९९१ मध्ये उद्रेक झाल्याबरोबर अल्विन तिथे पोहोचली, तेव्हा भाजून निघालेल्या कृमींचे अवशेष लाव्ह्यावर विखुरले होते. त्याच जागी दोन वर्षांच्या आत रिफ्टियाच्या नळ्या दीड मीटरहून अधिक वाढल्या. एक भेग मिटते, झरा आटतो आणि त्याच्यावर जगणारे सारे मरते. कुठेतरी दुसरी भेग उघडते आणि पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म अळ्यांपैकी काही तिथे पोहोचतात. पाणी आटल्यावर गाव सोडून ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांच्या जिल्ह्यांत राहत असल्यामुळे असेल, पण या अळ्यांचा प्रवास मला केवळ जीवशास्त्राचा धडा म्हणून वाचता येत नाही.

आपल्या हिंदी महासागरातले झरे त्या मानाने उशिरा उजेडात आले. मध्य हिंदी महासागरी रांगेवरचे कैरेई हे क्षेत्र २००० मध्ये जपानी संशोधकांना सापडले, आणि तिथेच २००१ मध्ये एक गोगलगाय मिळाली, जिच्या पायावर लोहाच्या सल्फाइडने मढवलेले खवले असतात. जिवंत प्राण्याने आपल्या अंगावर असे खनिज चढवल्याचे दुसरे उदाहरण माहीत नाही. तिच्या अन्ननलिकेच्या फुगलेल्या ग्रंथीत जीवाणू राहतात, ती त्यांच्यावर जगते, आणि त्यांना ऑक्सिजन पुरवण्यासाठी तिचे हृदय शरीराच्या मानाने अवाढव्य असते. सॉलिटेअर नावाच्या दुसऱ्या क्षेत्रातल्या पाण्यात लोह कमी आहे, म्हणून तिथल्या त्याच जातीच्या गोगलगायी पांढऱ्या आहेत. आपण पितो त्या बोअरच्या पाण्याच्या क्षारांचे डाग मुलांच्या दातांवर उमटतात, तसा तिथल्या पाण्याचा जमाखर्च या जीवांच्या अंगावर लिहिलेला असतो. २०१९ मध्ये या गोगलगायीची नोंद धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून झाली, आणि सागरतळावरच्या खाणकामाच्या धोक्यामुळे अशी नोंद झालेली ती पहिली जात ठरली. तेव्हा तिच्या माहीत असलेल्या तीन ठिकाणांपैकी दोन ठिकाणे खनिजशोधाच्या परवान्यांखाली होती. अशी क्षेत्रे जेमतेम काही एकरांची असतात. एका कोरडवाहू शेतकऱ्याचा सातबाराही कधी कधी त्याहून मोठा निघतो.

यात आपला देशही आहे. आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी २०१६ मध्ये झालेल्या करारानुसार हिंदी महासागराच्या रांगांवर १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात बहुधातू सल्फाइड, म्हणजे या खांबांतली धातूंची खनिजे, शोधण्याचा हक्क भारताला मिळाला, आणि २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग रांगेसाठीही करार झाला. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नईतील राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था यांच्या मोहिमेने डिसेंबर २०२४ मध्ये सुमारे ४,५०० मीटर खोलीवरचा एक जिवंत झरा स्वयंचलित यानाने टिपला. चेन्नईतच ‘मत्स्य ६०००’ ही तीन माणसांची पाणबुडी घडते आहे. तिचा टायटॅनियमचा गोल २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाडीचा आहे, आणि तिला सहा हजार मीटर खोल जायचे आहे.

तिने जावे, असे मला मनापासून वाटते. तांबे आणि जस्त देशाला लागते, हेही मला मान्य आहे. परंतु जिवंत झरा आणि विझलेला झरा यांत फरक आहे, आणि जिवंत झऱ्यांना खाणीच्या यादीतून आधीच वगळले पाहिजे, यावर मी तडजोड करणार नाही. विझलेल्या खांबांवर कोण राहते याचीही मोजदाद आधी व्हावी. प्रत्येक क्षेत्रात कोणत्या जाती आहेत, किती आहेत, त्यांच्या अळ्या कोणत्या प्रवाहाने कोणत्या शेजारच्या क्षेत्रात पोहोचतात, एक क्षेत्र उकरले तर गाळाचा लोट किती दूर जातो, हे सारे यंत्रे उतरण्यापूर्वी कागदावर आले पाहिजे आणि ते लोकांना वाचायला मिळाले पाहिजे. गालापागोसला गेलेल्या पहिल्या माणसांना जीवशास्त्रज्ञ नेण्याचे सुचले नाही, यात त्यांचा काही दोष नव्हता. आपल्याला ते सबब म्हणून सांगता येणार नाही. मत्स्य ६००० जेव्हा कार्ल्सबर्ग रांगेवर उतरेल तेव्हा तिच्या तीन जागांपैकी एक जागा पहिल्याच फेरीपासून जीवशास्त्रज्ञाची असावी, आणि त्या व्यक्तीच्या हातात नमुन्यांची यादी, मोजणीची चौकट आणि नको म्हणण्याचा अधिकार, हे तिन्ही असावे.